दुसरी नीलिमा

२१ मार्च २०२५, शुक्रवार

येशूच्या कबरीपाशी बायका किती गेल्या होत्या, यावरून आज अकरमने मला भर दुकानात धरलं. नीलिमाचा ब्लाउज शिवायला टाकायला सिंदेवाहीला गेलो होतो. तो मशीन थांबवून म्हणाला, "सुनिलभाऊ, तुमच्या चार किताबा वाचल्या मी. मत्तय म्हनते दोन बाया, मार्क म्हनते तीन, योहान म्हनते एकच. अन् फरिश्ता? कुठी एक, कुठी दोन. आमच्या इथी लग्नात पाहुणे किती आले यावर भांडण होते, पण नवरदेव किती आले यावर नाई होत."

दुकानातले दोघं-तिघं हसले. मीही हसलो. मग त्याला माझा नियम सांगितला: जो दोन सांगतो तो एक नाकारत नाही. दोन देवदूत असतील तर एक होताच. एकाने बोलणाऱ्याचंच लिहिलं, दुसऱ्याने दोघांचं लिहिलं. विसंगती दिसते, ती असत नाही.

"वकील व्हायला पाह्यजे होते तुमी," अकरम म्हणाला.

इथल्या चर्चची मंडळी मी सांभाळतो, म्हणून हे काम सध्या माझ्याकडे आलंच आहे. चंद्रपूरच्या पाद्रीसाहेबांनी सांगितलं आहे की इस्टरच्या पहाटे आपल्या मंडळीत वाचायला चारही शुभवर्तमानांतून एक सलग वृत्तांत तयार करा. लोकांचा गोंधळ होतो, तरुण पोरं प्रश्न विचारतात. कुठेही शिवण दिसू नये, असे त्यांचे शब्द.

घरी आल्यावर नीलिमाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शिवण दिसली तर काय होतं? चौघांचं तंतोतंत जुळलं असतं तर मी म्हटलं असतं, बसून ठरवलं यांनी."

तिला प्रत्येक गोष्टीत उलटं बोलायची सवय आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, एकदाही सरळ हो, इथल्या भाषेत 'हव', म्हटलेलं आठवत नाही.

२५ मार्च, मंगळवार

नीलिमा आज पहिल्यांदा मोहफुलं वेचायला गेली. चंद्रपूरच्या जटपुरा गेटाजवळ वाढलेली मुलगी, तिला जंगलाचं काय! पण गेल्या दिवाळीत या गावात आल्यापासून ती घरात कंटाळली आहे. आमच्या मंडळीतली मोनाली तिला म्हणाली, चला बाई, तुमी पण चला. पुढे सोनीबाई असते. ती गोंड, तिचे देव वेगळे, पण आमच्या शेजारची, आणि जंगलात तिच्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही.

मी त्यांना गावाच्या कडेपर्यंत सोडायला गेलो. उजाडत होतं. तिथे वनरक्षक लालसू उभा होता. त्याने विचारलं, "किती जणी?"

"चार," सोनीबाई म्हणाली.

मी मोजलं. सोनीबाई, मोनाली, नीलिमा. तीन. लालसूने मान हलवली आणि बाजूला झाला. सोनीबाईला मोजता येत नसेल असं वाटून मी दुरुस्त केलं नाही.

नीलिमा ऊन चढल्यावर आली. बोटं चिकट, अंगाला मोहाचा गोड उग्र वास. खूश होती. "तुमच्या देवदूतांपेक्षा बरं काम आहे," म्हणाली.

३० मार्च, रविवार

आज उपासनेत काहीतरी बिनसलं, आणि ते माझ्यामुळे असं सगळे म्हणतात.

पलीकडच्या गावात परवा जनावराने (इथे वाघाचं नाव घेत नाहीत) एका माणसाला जखमी केलं. म्हणून मी ठरवलं की जंगलात जाणाऱ्या बायकांसाठी नावं घेऊन प्रार्थना करायची. नुसतं 'आमच्या भगिनी' म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. नाव घेतलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. आत जाताना मोनालीला विचारलं, "तुम्ही चौघी म्हणजे कोण कोण गं?"

ती चपला काढत होती. हसतच म्हणाली, "सोनीबाई, मी, नीलिमाबाई. अन् दुसरी नीलिमा."

मला वाटलं, खालच्या वस्तीवरची कुणी असेल. मत्तयानेही 'मग्दालीया मरीया व दुसरी मरीया' असंच लिहिलं आहे. तसं मी वाचलं: "प्रभू, सोनीबाई, मोनाली, नीलिमा आणि दुसरी नीलिमा यांना तुझ्या पंखांखाली ठेव. त्या चौघींना सुखरूप घरी आण."

सगळे आमेन म्हणाले. मोनाली म्हणाली नाही. तिचा चेहरा उतरला होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भाऊ, मी गंमत केली होती. नवी बाई आली का आमी तिले चिडवतो. तुमी खरंच नाव काऊन घेतलं?"

दुपारी सोनीबाई आली. अंगणात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"भाऊ, तीन जणी गेलो का आमी चार सांगतो. जनावर ऐकते. त्याले एक न्यायची असन तं जे नाई तिलेच ने. माह्या सासूची सासू असंच सांगे."

"बरं."

"परत येताना कडेवर दगड आहे ना, तिथी एक फूल टाकतो. म्हनतो, चवथे, तू इथीच राह्य. ते राह्यते. तिले घर नाई, नाव नाई, ते कुठी जाईन?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी तिले नाव देलं. अन् म्हटलं, घरी आन."

मी तिला समजावलं की प्रार्थना एकाच देवाकडे जाते, तिसरं कोणी ते ऐकत नाही. ती शांतपणे ऐकत होती. मग नीलिमाकडे वळून म्हणाली, "बाई, तू काही दिवस येऊ नको."

नीलिमा म्हणाली, "मी नाही आले तर तुम्ही दोघीच. मग तीन म्हणाल. ती तिसरी कोण, ते परत यांना विचाराल का?" आणि माझ्याकडे बघून हसली. सोनीबाई हसली नाही.

३ एप्रिल, गुरुवार

वृत्तांत बरा चालला आहे. बायकांच्या संख्येचा प्रश्न सुटला: सगळ्या एकदम निघाल्या नाहीत, वेगवेगळ्या वाटांनी आल्या.

तोच नियम आज दुसरीकडे कामी आला. संध्याकाळी मोनाली आली होती. म्हणाली, "नीलिमाबाई आज लय बोलल्या. पूर्ण वेळ माह्यासंगं नाल्याच्या बाजूनं होत्या." थोड्या वेळाने सोनीबाई कुंपणापाशी भेटली. ती म्हणाली, "बाई आज मोठ्या मोहाखाली माह्याच जवळ होती. काही बोलली नाई."

मोठा मोह आणि नाला यांत बरंच अंतर आहे. मी नीलिमाला विचारलं, तू कुणाबरोबर होतीस?

"कुणाबरोबरच नाही. डोकं दुखत होतं. वरच्या बाजूला एका दगडावर बसून राहिले. एक फूल वेचलं नाही."

पण तिची टोपली भरलेली होती. मी ती स्वतः आत ठेवली होती.

आधी दगडावर बसली, मग सोनीबाईजवळ, मग मोनालीकडे. प्रत्येकीला आपल्याजवळचा वेळ मोठा वाटला. आणि फुलं मोनालीने टाकली असतील. नीलिमाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही तिथे नव्हतात. मी होते." मग टोपलीकडे बराच वेळ पाहत राहिली.

६ एप्रिल, रविवार

योहानात एक सुंदर जागा आहे. मरीया एकटीच कबरीपाशी जाते, रिकामी कबर पाहून धावत येते आणि म्हणते, "त्याला कोठे ठेवले हे आम्हाला ठाऊक नाही." एकटी, आणि 'आम्हाला'. म्हणजे बरोबर इतर बायका होत्या, योहानाने फक्त लिहिल्या नाहीत. असा एखादा शब्द सापडला की माझा दिवस चांगला जातो.

हे लिहीत होतो तेव्हाच नीलिमा पाण्याने भरलेला गुंड डोक्यावर घेऊन आली. दारातून म्हणाली, "आम्ही आलो."

मी बाहेर पाहिलं. तिच्यामागे अंगणात कुणी नव्हतं. "आम्ही कोण?" विचारलं तर तिने गुंड खाली ठेवला आणि म्हणाली, "हव."

काही वेळाने ती परत बाहेरून आत आली, हातात रिकामा गुंड. "बोरिंगवर केवढी गर्दी," म्हणाली, "आणि इथे पाणी कुणी भरून ठेवलं?"

मी वाचण्यात होतो. तिने पाणी भरलं, दुसऱ्यांदा गेली, गर्दी पाहून परतली. एवढंच.

९ एप्रिल, बुधवार

अकरमचा फोन. "भाऊ, भाभीची तब्येत बरी आहे ना?"

"का रे?"

"सकाळी ब्लाउज न्यायले आली होती. तोंडाले स्कार्फ. मी म्हटलं दोनशे, तिनं दोनशे देले अन् निघाली. सुनिलभाऊ, आमची भाभी अन् भाव न करता? मागच्या टायमाले एका बटणावरून माह्या बापाले कबरीतून उठवलं होतं तिनं."

सकाळी नीलिमा माझ्यासमोर भाकरी करत होती. मी अकरमला म्हटलं, उन्हात सगळ्याच बायका स्कार्फ बांधतात, दुसऱ्या कुणाला दिलास तू. तो म्हणाला, "पावती तिच्याच हातात होती."

फोन ठेवला. ब्लाउज खुंटीवर होता, इस्त्री केलेला. नीलिमाला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हीच आणला असाल."

मी आणला नाही. पण विसरलोही असेन. कामाच्या भरात माणूस विसरतो.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

वृत्तांत जवळजवळ पूर्ण. तरुण एक होता की देवदूत दोन, बसलेले की उभे, आत की बाहेर, सगळं एका ओळीत आलं आहे. आधी बसलेला दिसतो, मग उठतो, मग दुसराही दिसतो.

नीलिमा दोन प्रकारची झाली आहे. काही संध्याकाळी वाद घालते. मी वाचून दाखवलं तर म्हणते, "यात घाबरलेली बाई कुठे आहे? मार्कातल्या बायका थरथर कापत पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. तुमच्यातल्या जणू किराणा घेऊन आल्या." आणि काही संध्याकाळी शेजारी बसून ऐकते, संपलं की 'हव' म्हणते. खोटं कशाला लिहू, त्या संध्याकाळी मला बरं वाटतं.

आज मात्र ती रडली. म्हणाली, "कुणीतरी माझं काम माझ्याआधी करून ठेवतंय. अंथरूण घालायला जाते तर घातलेलं. माझ्या वेणीत फूल, मी माळलेलं नाही."

मी म्हटलं, थकली आहेस. जंगलात जाणं बंद कर.

"जंगलात मला भीती वाटत नाही," ती म्हणाली. "घरात वाटते."

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

उपासना दुपारी होती, म्हणून तिघी पहाटेच गेल्या. मोह थांबत नाही. झाडाखालचा पाला जाळला होता, धूर बसला होता. माकडं ओरडली आणि जनावर अगदी जवळ गुरगुरलं. तिघी फुटल्या.

मोनालीचं म्हणणं: "मी नीलिमाबाईचा हात धरला अन् पळाली. कडेपर्यंत सोडला नाई. हात थंड होता, पण होता."

सोनीबाईचं म्हणणं: "बाई नाल्यात पडली. पलीकडं वर चढली, बांबूत गेली. मी आवाज आयकला, सोनीबाई, माहा पाय. मी दोनदा आयकला. जनावर मधात होतं, मले जाता नाई आलं."

आणि नीलिमा घरी होती. मी धावत आलो तेव्हा चुलीपाशी बसली होती. अंगावर ओरखडा नाही. तिला मिठी मारली. साडीला धुराचा वास नव्हता, पण ते नंतर सुचलं. विचारलं, लागलं का कुठे?

"हव."

"कुठे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, कुठेच नाही ना? म्हणाली, "हव."

लालसू दोन माणसं घेऊन आला. "कोणी मागं राह्यलं का भाऊ?"

मी म्हटलं, "तीन गेल्या, तीन आल्या."

सोनीबाई माझ्या अंगावर ओरडली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज वर गेलेला कुणी ऐकला नसेल. "चवथी आली भाऊ! तिसरी राह्यली! तिच्या पायाले लागलं, तिले जीव आहे, शोधा म्हना!"

"सोनीबाई, ती आत बसली आहे."

"ते तुमच्या बायकोसारखी बसली आहे."

लालसूची अडचण झाली. तो हळूच मला म्हणाला, "घरचा माणूस म्हनते सगळे आले, तं मी कोनाले शोधू? आतमधी पिल्लंवाली मादी आहे. उगाच माणसं कशी घालू?" सोनीबाईचा नवरा बुधू आणि ती दोघंच काठ्या घेऊन नाल्यापर्यंत गेले आणि परत आले. जनावर हललं नव्हतं.

दोघींचं जुळवता येतं. नीलिमा नाल्यात पडली, ओरडली, उठली, धुरात मोनालीपाशी आली, तिने हात धरला. सोनीबाईने पहिला भाग पाहिला, मोनालीने दुसरा.

दुपारी वधस्तंभावरच्या सात वचनांवर बोललो. नीलिमा मागे बसली होती. सोनीबाई चर्चच्या दाराबाहेर उन्हात उभी होती, आत पाहत. माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

१९ एप्रिल, शनिवार, सकाळ

वृत्तांत पक्का लिहून झाला. काल झोप लागली नाही म्हणून उजाडताच बसलो. नीलिमाने चहा दिला. मी तिला पूर्ण वाचून दाखवला. एवढा सलग झाला आहे की श्वास कुठे घ्यायचा तेही कळत नाही.

"कसा वाटला?"

"हव."

"कुठे खटकलं?"

तिने माझा रिकामा कप उचलला.

मला एकाएकी तिचा राग आला. एवढे दिवस जी गोष्ट मला हवी होती तिचाच. मी म्हटलं, "कबरीपाशी देवदूत एकच होता ना?"

"हव."

"की दोन होते?"

"हव."

"की कुणीच नव्हतं? बायकांनी बनवून सांगितलं?"

"हव," ती म्हणाली. तितक्याच गोड आवाजात.

मी विचारलं, काल तू सोनीबाईला हाक मारलीस? हव. मारली नाहीस? हव. तुझ्या आईचं नाव काय? ती थांबली. माझ्या ओठांकडे पाहत होती. मी एखादं नाव घेतलं असतं तर तिने तेच सांगितलं असतं.

हिच्या बोलण्यात कुठेही विसंगती नाही. आणि माझी बायको, माझ्या प्रत्येक वाक्याला 'नाही' म्हणणारी, कालपासून बांबूत दुखावलेला पाय घेऊन पडली आहे. ती ओरडली तेव्हा मी तिचं आणि हिचं जुळवत बसलो.

वही मिटून लालसूकडे जातो आहे.

शनिवार, दुपार

लालसूला घरी आणावं लागलं. तो म्हणाला, भाऊ, एकदा माह्यासमोर नीट सांगा, मले वर सांगाचं आहे. सोनीबाई, बुधू, मोनाली, सगळे अंगणात आले. ती दारात उभी होती, पदर नीट खोचलेला.

मी म्हटलं, "माझी बायको नीलिमा जंगलात हरपली आहे. तिचा शोध घ्या."

लालसूने दाराकडे पाहिलं. 

"हव," ती म्हणाली. "हरपली आहे."

मोनाली मागे सरली आणि कुंपणाला टेकली. लालसूने टोपी काढून परत घातली.  "मंग बाई, तुमी कोण?"

ती माझ्याकडे वळली. मी काय सांगतो याची वाट पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर वाईट असं काही नव्हतं. मी जे नाव घेईन ते ती होणार होती, आणि मला तिची कीव आली हेही लिहून ठेवतो. तिला मीच बोलावलं होतं.

"भाऊ," सोनीबाई अगदी हळू म्हणाली, "आता काही नका म्हनू."

मी काही म्हटलं नाही. आम्ही निघालो. लालसूचे लोक, फटाके, डबे वाजवायला टिनाचे पत्रे. ही ओळ नाल्याच्या अलीकडे थांबून लिहितो आहे. मादी हलवायला वेळ लागेल म्हणतात.

२० एप्रिल, इस्टर

सिंदेवाहीच्या दवाखान्यातून लिहितो.

काल उन्हं उतरताना सापडली. बांबूच्या बेटाच्या आत, दोन दगडांच्या मधल्या सापटीत अंग कोंबून बसलेली. घोट्याचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले. मी पुढे गेलो, नाव घेतलं. ती नुसती बघत राहिली. क्षणभर वाटलं, ही पण 'हव' म्हणेल.

मी म्हटलं, "आम्ही लगेच निघालो होतो."

"खोटं," ती म्हणाली. "काल सकाळी पत्र्यांचा आवाज नव्हता. काल कुणी आलं नाही. मी ऐकत होते."

मी तिथेच खाली बसून रडलो. सोनीबाईने माझ्या पाठीवर थाप मारली. "हेच आहे," लालसूला म्हणाली, "उचला."

पहाटेच्या उपासनेला मी गेलो नाही. सलग वृत्तांत कुणाला वाचायला दिला नाही. मोनालीला फोनवर सांगितलं, चार जण उभे करा, चौघांनी चार शुभवर्तमानं आहेत तशी वाचा. कुणी दोन म्हणेल, कुणी एक. लोकांना ऐकू द्या. पाद्रीसाहेबांना काय सांगायचं ते मी बघेन.

सकाळी अकरम आला. डब्यात खिचडी, शेवया. नीलिमा म्हणाली, मीठ कमी आहे. तो खूश झाला. "भाभीच आहे," म्हणाला, आणि मग स्वतःच दचकला. आम्ही त्याला काही सांगितलं नव्हतं.

मघाशी मोनालीचा फोन आला. उपासना छान झाली. चौथं वाचन आमच्या मंडळीत येणाऱ्या बुधूच्या पुतणीने केलं, अडखळत केलं, पण लोक रडले. मग तिने आवाज हळू केला.

"भाऊ, एक सांगू का? त्या होत्या. मागं बसल्या होत्या. चौघांचं आयकलं. योहानात प्रभू मरीयेले नावानं हाक मारते ना, तिथी त्यांनी एकदम मान वर केली. जसं कोणी त्यांनाच बोलावलं. मग कोणी बोलावलं नाई, तं परत खाली घातली."

"आता कुठे आहे?"

"तुमच्या घरी गेल्या. अंगण झाडून राह्यल्या."

फोनचा आवाज मोठा होता. नीलिमाने सगळं ऐकलं. पाय उशीवर टाकून ती छताकडे बघत होती. एक अख्खी रात्र तिने दगडांच्या फटीत काढली होती. मी तिला अजून अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं आता सांगितलं. प्रार्थनेपासून.

मला वाटलं ती ओरडेल. तिने विचारलं, "स्वयंपाक बरा करते?"

"मला विचारलंस तर, बेचव."

"माझ्याएवढं चांगलं माझ्या आईलाही जमत नाही." ती उशीवरचा पाय सरकवत म्हणाली, "मला घरी जायचंच आहे. ते माझं घर आहे. पण ती पण दारात असणार, मी पण. तुम्ही मधे उभे राहणार, आणि परत काहीतरी जुळवणार."

"नाही जुळवणार."

"जुळवाल. तुमचा स्वभाव आहे."

"नाही."

"बघा, कसं जमतंय," ती म्हणाली. तिने माझा हात धरला. तिचा हात तापाने गरम होता. "तिथे गेल्यावर माझं नाव घेऊ नका. नाव घेतलंत की ती पण ओ देईल. भांडा माझ्याशी. दारातच सुरू करा. तिला तेवढंच येत नाही."